जुन्या पाळण्याचा रंग

जुन्या बाजारातून पाळणा अथवा बाकडे घरी आले, की वाचकभगिनींचे मन प्रथम नव्या रंगाकडे धावते. आमची विनंती एवढीच, की आधी जुन्या रंगाची विचारपूस व्हावी. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तत्पूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्या छटांत, शिसे पुष्कळदा असे. त्याची धूळ लेकरांच्या मेंदूस अपाय करते, आणि दात फुटणारे बाळ तर कठडाच चावते! म्हणूनच पापुद्रे सुटलेला पाळणा बाळासाठी नव्हे. बाकड्याचा रंगही कोरडा घासू नये. पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ओला ठेवूनच घासावा, मुले व गर्भवती स्त्रिया दूर असाव्यात, पुसलेली फडकी बांधून टाकावीत.

आत सागवान निघाले, तर रंग नकोच. चपड्याचे पॉलिश पुरे. साध्या लाकडास अस्तर आणि वर पातळ दोन हात. छटा दोनच निवडाव्यात, एक फरशीशी जुळती व दुसरी कडांपुरती. वडोदऱ्याजवळील संखेड्याच्या खराद्यांनी तांबूस व सोनेरी एवढ्या जोडीवर केवढे वैभव उभे केले आहे! करड्या शहाबादी फरशीवर आम्हांस मोरपंखी रंग रुचतो. घरात मात्र हा ठराव अद्याप संमत व्हावयाचा आहे.