पत्रकात प्लॉट कुठे आहे?

गेल्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या उमेदवाराचं पत्रक आमच्या पाड्यावर आलं. जाड, रंगीत कागद. रस्ता, साकव, नळपाणी, दवाखान्यात डॉक्टर, समाजमंदिर, सोलरचे दिवे अशी कामं ओळीने छापलीत. मी मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "प्लॉटाचा काय लिवलाय?" काहीच लिहिलेलं नाही.

उमेदवार आपल्याच समाजाचा, माणूस वाईट नाही. रस्ता नको असंही कोण म्हणेल? पावसात बाळंतिणीला झोळीत घालून नेताना मी स्वतः खांदा दिलाय. शाळा, आरोग्य केंद्र ही झेडपीचीच कामं आहेत, ती झालीच पाहिजेत. पण प्लॉटाचं विचारलं तर कार्यकर्ते सांगतात, "तो विषय कलेक्टरचा, झेडपीचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि मोठा आहे. वनहक्क कायदा २००६ चा. दावा आधी आपल्या ग्रामसभेत, मग प्रांतांच्या उपविभागीय समितीत, मग कलेक्टरांच्या जिल्हा समितीत जातो. या जिल्हा समितीत माणसं सहा. कलेक्टर, डीएफओ आणि आदिवासी विकासचा अधिकारी हे तीन साहेब. उरलेले तीन झेडपीचे सदस्य, आणि ते झेडपीच नेमते. त्यात निदान दोघे आदिवासी, शक्यतो जंगलात राहणारे, आणि एक बाई असलीच पाहिजे. खालच्या उपविभागीय समितीतही पंचायत समितीचे तीन सदस्य असतात, त्यांची नावंसुद्धा झेडपीच देते. म्हणजे दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या निवडून दिलेल्यांच्या. या खुर्च्यांवर आजवर कोण बसलं ते आमच्या पाड्यावर विचारा. एकालाही नाव सांगता येत नाही.

माझ्या काकाचं सांगतो. कसतो तीन एकर, कागदावर आले बावीस गुंठे. मोजणीवाले आले तेव्हा घरातले सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. मशीन घेऊन कोण कुठून फिरलं ते आम्हाला आजही माहीत नाही. बाकीची जमीन का कापली त्याचं कारण कुणी दिलं नाही. खरं तर २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलंय की दावा नाकारला तर कारण लेखी द्यायचं, दावेदाराला कळवायचं. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने परस्पर कापाकापी करायची नाही, फेरविचाराला ग्रामसभेकडे परत पाठवायचं. त्या बैठकीत आपल्या तिघांपैकी एकाने जरी "थांबा साहेब, हा दावा परत पाठवा" म्हटलं असतं तर? बोलले नसतील. कदाचित नुसती सही करून जेवायला गेले असतील.

म्हणून माझं म्हणणं, साकवाचं नंतर बोलू. आधी उमेदवाराने सांगावं की निवडून आल्यावर त्या समितीत स्वतः बसायची तयारी आहे का, आणि नसेल तर कुणाचं नाव सुचवणार. बैठकीआधी पाड्यावर येऊन दावे बघणार का. बैठकीत काय झालं ते ग्रामसभेत येऊन सांगणार का. हे लेखी द्यावं, खाली सही करावी. "सगळं बघून घेतो" हे उत्तर धरायचं नाही, ते आपण लई वेळा ऐकलंय.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, निवडणुकीच्या टायमाला कशाला वाद, आपला माणूस पडेल. मला पटत नाही. एकदा निवडून आला की गाडीची काच खाली होत नाही. विचारायचं ते आत्ताच.

रविवारी सकाळी उमेदवार आमच्या पाड्यावर येणार आहे. बायांनी पुढे बसायचं ठरवलंय. आत्याने फॉरेस्टच्या जुन्या दंडाच्या पावत्यांची पिशवी माळ्यावरून काढून ठेवली आहे.