करिअर आखा म्हणता, पण कुठल्या कंपनीत?

गेल्या आठवड्यात एका कॉलेजातल्या मार्गदर्शन शिबिराची बातमी करायला गेलो होतो. पाहुणे मुंबईहून आलेले. विषय होता, आहे त्याच कंपनीत राहून प्रगती कशी कराल. सारखी नोकरी बदलू नका, वरच्या पदाचं काम आधीच शिकून घ्या, पुढच्या पाच वर्षांत मला कुठे बघता असं साहेबाला वर्षातून एकदा विचारा. पोरं वहीत उतरवून घेत होती.

सल्ला चुकीचा नव्हता. फक्त समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या नशिबात असा साहेबच नाही, हे पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परत येताना मस्तान नाक्यावर चहाला थांबलो. ओळखीचा एक मुलगा भेटला, जवळच्या पाड्यावरचा. आयटीआय झालेला. आठ वर्षं तारापूर एमआयडीसीत, एकाच कारखान्यात, एकाच बॉयलरवर. त्याचं नाव लिहीत नाही आणि कारखान्याचंही नाही, कारण लिहिलं तर उद्या गेटपास बंद होईल. त्याला म्हटलं, "साहेबाला विचारलंस का कधी, माझं पुढे काय म्हणून?"

तो हसला. म्हणाला, "दादा, कुठल्या सायबाला? ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच्या कागदावर मी नाही. ज्याच्या कागदावर आहे त्याला मी दोनदा बघितलाय."

आठ वर्षांत त्याच्या पगाराच्या स्लिपवर चार ठेकेदारांची नावं येऊन गेली. गेट तेच, मशीन तेच, पाळी तीच. पद मात्र पहिल्या दिवसापासून हेल्पर. ठेकेदार बदलला की हा पुन्हा नवीन भरती!

आता यातली खरी मेख ऐका. बॉयलरच्या कामात वर चढायची सरकारमान्य शिडी आहे. सेकंड क्लास अटेंडंट, मग फर्स्ट क्लास. सरकारी परीक्षा असते, आणि पास झाला की ते सर्टिफिकेट घेऊन माणूस कुठेही उभा राहू शकतो. पण परीक्षेला बसायला बॉयलरवर काम केल्याचा अनुभवाचा दाखला लागतो. कंपनी म्हणते, तू आमचा माणूसच नाहीस. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे तू हेल्पर आहेस, बॉयलरचा दाखला मी कसा देऊ? आठ वर्षं भट्टीसमोर घाम गाळलेल्या पोराकडे भट्टी बघितल्याचाही पुरावा नाही.

कायदा नाही असं नाही. २०२५ पर्यंत १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. बारा महिन्यांत सलग २४० दिवस भरलेल्याला कायम करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत होती. म्हणून तर २४० भरायच्या आत ब्रेक देतात, किंवा माणूस ठेकेदाराच्या नावावर टाकतात. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. कंत्राट नुसतं दाखवायला होतं हे सिद्ध झालं, तरच तो कंपनीचा. आणि सिद्ध करायचं कोणी? ज्याच्याकडे दाखला नाही त्याने!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात एक कामाचं कलम आहे. कंत्राटी कामगाराने मागितला तर ठेकेदाराने केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला द्यायचा. छान. पण त्याच संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेलीय. म्हणजे ४९ माणसांचा ठेकेदार सुटला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

मालक मंडळींचं म्हणणं मला माहीत आहे. ऑर्डर कमी-जास्त होतात, कायम केला की माणूस हलत नाही, युनियन येते. ऑर्डरचं मान्य. पॅकिंगला सीझनप्रमाणे माणसं घ्या. पण बॉयलर रोज पेटतो ना? रोजच्या कामाला आठ-आठ वर्षं तात्पुरता माणूस कसा चालतो? आणि शिकलेला माणूस कंटाळून गेला की नव्याला शिकवण्यात तुमचाच माल बिघडतो, हे कुठल्या खात्यात लिहिता?

आमचे पुढारीही कमी नाहीत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या’ ऐकतोय. किती पोरं गेटच्या आत गेली याचा हिशोब सगळे मागतात. आत गेलेल्यांतली किती वर चढली, हे आजवर एकाने विचारलेलं नाही.

मी हे बाहेर उभा राहून बोलत नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका पेपरचं काम धरलं. सतरा वर्षं बातम्या दिल्या, दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा केल्या. एकदा हिय्या करून विचारलं, माझं पद काय? उत्तर आलं, "तुम्ही कर्मचारी नाही, तुम्ही आमच्या परिवारातले." परिवारात पीएफ नसतो, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून मागणी साधी आहे. कामगार खातं, आमदार, खासदार, कारखानदारांची संघटना, सगळ्यांनी वाचावं.

१. दाखल्यावर पद ठेकेदाराच्या मर्जीचं नको, प्रत्यक्ष केलेलं काम लिहा. बॉयलरवरच्याला कंपनीने स्वतःच्या शिक्क्याचा दाखला द्यावा.

२. ठेकेदार बदलला तरी आधीची वर्षं मोजा.

३. जागा निघाली की बाहेर जाहिरात देण्याआधी गेटच्या आतल्या बोर्डावर लावा. कंत्राटी पोरांनाही अर्ज करू द्या.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. पगाराची प्रत्येक स्लिप जपून ठेवा. पीएफचं पासबुक बघत जा, त्यात कुठल्या ठेकेदाराकडे किती महिने होतात ते दिसतं. दाखला तोंडी मागू नका, लेखी मागा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. उद्या भांडायची वेळ आली तर हेच कागद कामी येतील.

पुढच्या वर्षी शिबिर होईल तेव्हा पाहुण्यांना माझी विनंती आहे. आधी बोईसरला उतरा, पाळी सुटताना एखाद्या गेटवर उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्याला विचारा, तू कुठल्या कंपनीत आहेस? त्याला उत्तर देता आलं, तर त्याला करिअर आखायला जरूर शिकवा.