शोध कुणाचा, हात कुणाचा

हल्ली जिकडं जावं तिकडं एकच शब्द कानावर आदळतो. इनोव्हेशन! मंत्र्याच्या भाषणात इनोव्हेशन, कॉलेजच्या फ्लेक्सवर इनोव्हेशन, बँकेच्या जाहिरातीत इनोव्हेशन. शोध लागला की विज्ञान पुढं जातं, विज्ञान पुढं गेलं की धंदा वाढतो, धंदा वाढला की समाज सुधारतो. असा सरळ रूळ आपल्याला दाखवला जातो. या रुळावरची गाडी कुणाच्या पैशानं सुटते नि कुणाच्या अंगावरून जाते, हे मात्र सांगायला कुणी तयार नाय. दोस्तांनो, ते आपण विचारू. आणि मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतीत नाय विचारायचं, कुंभार पिंपळगावात विचारायचं.

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात हे गाव आहे. गावाच्या नावातच कुंभार. चाक फिरवून मातीला आकार देणारा माणूस म्हणजे मूळचा इंजिनियर. पण जातिव्यवस्थेनं त्याला इंजिनियर म्हटलं नाही, बलुतेदार म्हटलं. त्याच तालुक्यात जांब समर्थ आहे, रामदासांचं जन्मगाव. ग्रंथ लिहिणाऱ्याचं नाव गावाला मिळालं, चाक फिरवणाऱ्याची नुसती जात मिळाली. असो.

हा मुलूख कापसाचा. गोदावरी दक्षिणेला, पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा याच पट्ट्यातून जातो. ज्याच्याकडं जमीन होती त्याच्या रानात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. ज्याच्याकडं जमीनच नाही त्यानं कालवा बघितला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते याचसाठी. पाणी हे तंत्र आहे, पण ते सातबारा बघून वाहतं.

आता शोधाकडं या. जालना हे साधं शहर नाही, देशातल्या बियाण्याच्या धंद्याची ही एक राजधानी आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही कंपनी काढली. त्याआधी दिल्लीच्या सरकारी संस्थेनं काढलेल्या पुसा सावनी भेंडीचं बियाणं ते वाढवत होते. पुढं संकरित ज्वारी, बाजरी, कापूस. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कर्तबगारी होती, ती नाकारायचं कारण नाही. पण सुरुवात सरकारी संशोधनातून झाली, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून झाली, हेही लिहून ठेवायला हवं. धंदेवाल्यांच्या चरित्रात हे पान नेहमी पातळ असतं.

संकरित कापूस म्हणजे काय भानगड आहे? जगातला पहिला धंद्याला उतरलेला संकरित कापूस भारतात निघाला. एच-४, सुरतच्या केंद्रात, १९७० साली. अमेरिकेला जमलं नाही ते आपल्याला कसं जमलं? याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, रानात आहे. कापसाच्या एकाच फुलात नर नि मादी दोन्ही असतात. दोन वाणांचा संकर करायचा तर मादी ओळीतल्या प्रत्येक कळीची पाकळी नि पुंकेसर आदल्या दिवशी दुपारनंतर नखानं सोलून काढायचे, खूण म्हणून तिला कागद किंवा दोरा लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्याचे परागकण तिच्यावर घासायचे. एक कळी, दोन कळ्या नव्हे, एकरात हजारो. रोज. दोन-अडीच महिने. नख जरा जास्त लागलं तर कळी गळते, जरा कमी लागलं तर संकर बिघडतो.

हे काम कुणी केलं? बायांनी आणि पोरींनी. आंध्र, गुजरात, कर्नाटकातल्या बियाणे-प्लॉटांवर शाळा सोडून राबणाऱ्या पोरींचे अहवाल वर्षानुवर्षं निघत आलेत; त्यातल्या बहुतेक दलित, आदिवासी, मागास घरातल्या. हात एवढे स्वस्त होते म्हणून संकरित कापूस परवडला. म्हणजे भारताची ही जी मोठी इनोव्हेशन, ती शास्त्रज्ञाच्या डोक्यात जेवढी आहे तेवढीच पोरीच्या नखात आहे. डोक्याला पद्म मिळतं, नखाला दिवसाची मजुरी.

इथंच धंदाही घुसला. संकरित बियाणं पुन्हा पेरता येत नाही. पेरलं तर दुसऱ्या वर्षी जोम मोडतो. शेतकऱ्यानं दरसाल दुकानात यायलाच पाहिजे. मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रानं काढलेला एनएचएच-४४ हा सरकारी संकरित वाण एकेकाळी शेतोशेती पोचला होता. मग २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मोन्सॅन्टोचा जीन, महिकोचा वाण. बोंडअळी खाऊन मरेल असं विष झाडाच्या अंगातच. जीन संकरित वाणात घातला, सरळ वाणात घातला नाही. कारण उघड आहे. सरळ वाणाचं बी शेतकरी घरी ठेवतो. ४५० ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या घरात होतं; आंध्र सरकारनं २००६ साली भांडण मांडलं तेव्हा ते साडेसातशेवर आलं. दहा वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला. सरकारी वाण मागं पडले.

सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढलं, हे खोटं नाही. पण अळी हाही जीव आहे, ती शिकते. गुलाबी बोंडअळी विषाला सरावली. २०१७ साली महाराष्ट्रात तिनं कापूस पोखरला. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या कापसात शिरणारा माणूस कोण असतो हे गावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

आता बघा, बियाण्याचं तंत्र बदललं, अळीचं बदललं, तणाचं बदललं. वेचणी? वेचणी आजी करायची तशीच नात करते. कुंभार पिंपळगावच्या शिवारात दिवाळीच्या पुढं-मागं बौद्धवाड्यातल्या, मातंगवाड्यातल्या, तांड्यावरच्या बाया कंबरेला ओटा बांधून ओळीला लागतात. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं फाटतात. मजुरी किलोवर. चार-चार वेचण्या. हा प्रश्न पन्नास वर्षांत एकाही शोधकाला का सुचला नाही? महागडं संकरित बी लांब-लांब लावायचं, म्हणून झाड झुडपासारखं पसरतं, बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून यंत्र चालत नाही, म्हणून हात लागतात. हात स्वस्त म्हणून संकरित बी, नि संकरित बी म्हणून पुन्हा हात. या चक्राला तांत्रिक अडचण म्हणतात. आमच्या मते ही जात आहे, तिनं फक्त पांढरा कोट घातलाय.

हे आजचं नाही. याच कापसाचं सूत मुंबईच्या गिरणीत गेलं तिथंही हीच गोष्ट झाली. साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव होता. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. लँकेशायरचे मजूर याला धोट्याचं चुंबन म्हणत. एका धोट्याला दहा जणांची तोंडं लागायची. आता महाराचं तोंड लागलेला धोटा मराठ्यानं तोंडात कसा घ्यायचा? धर्म बुडाला! म्हणून आमचा माणूस रिंग खात्यात, कमी पगारावर. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. मजुरांची एकी म्हणता, मग या दाराचं काय?

गंमत पुढंच आहे. तोंड न लावता ओवता येणारा धोटा तेव्हा जगात होता. अमेरिकेत १८९० च्या दशकातच नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग निघाला, त्यात सूत आपोआप ओवलं जाई. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली तोंडाचा धोटा कायद्यानं बंद केला, कारण त्यानं रोग पसरतो. लँकेशायरला ही अक्कल यायला १९५२ उजाडलं. मुंबईच्या मालकांना तो माग परवडत नव्हता असं नाही. विणकराचं फुप्फुस त्याहून स्वस्त पडत होतं. मालकाचा नफा आणि मजुराचा विटाळ, दोघांनी हातात हात घालून एक लाकडी धोटा जपला. एक साधी सुधारणा गिरणीत आली असती तर अस्पृश्यतेचं निमित्तच गेलं असतं. जातीनं दुसरं निमित्त शोधलं असतं, ते वेगळं.

म्हणून आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. चरखा आणि खेडं यांची आरती आमच्यात कुणी केली नाही. १९४५ च्या आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी गांधीवादाचा हिशेब मांडला तेव्हा यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा नफा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. आणि यंत्रानं वेळ मोकळा झाल्याशिवाय कष्टकऱ्याला माणूस म्हणून जगता येत नाही, अशी त्यांची मांडणी होती. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचा कायदा पुढं रेटला. तंत्राचा फायदा घड्याळात मोजायचा असतो हे त्यांना कळत होतं.

पण यंत्र आलं की आपोआप मुक्ती, असंही नाही. कापूस वेचणारं यंत्र जगात आहेच की. २ ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर आठ यंत्रं लोकांसमोर रानात उतरली. हातानं वेचलेल्या गाठीला सुमारे ३९ डॉलर पडत, यंत्रानं वेचलेल्या गाठीला सुमारे ५. त्या दिवशी काळ्या वाटेकऱ्याचं गणित संपलं. लिंचिंगला कंटाळून, युद्धाच्या कारखान्यात काम मिळतं म्हणून ती माणसं आधीच उत्तरेला नि पश्चिमेला निघाली होती. यंत्रानं मागं राहिलेल्यांचाही पाय उचलला. शिकागो, डेट्रॉइट, ओकलंडच्या झोपडपट्ट्या भरल्या. ब्लॅक पँथर १९६६ साली ओकलंडमध्ये जन्मला. त्याचा एक संस्थापक ह्यूई न्यूटन लुइझियानात, कापसाच्या मुलखात जन्मून लहानपणी तिथं आलेला. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ज्या नावानं डरकाळी फोडली त्या नावाच्या मुळाशी कापसाचं रान आहे. यंत्र काळ्या माणसाला विचारून आलं नाही. त्याच्या मालकीचं तर नव्हतंच.

शहरातल्या वाचकाला हे लांबचं वाटत असेल तर त्यानं आपल्या गल्लीतलं मॅनहोल बघावं. २३ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्रावर उतरलं, आम्हीही टाळ्या वाजवल्या. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घराला १० लाख द्या म्हणून सांगितलं, केरळच्या पोरांनी २०१८ ला गटार साफ करणारा रोबो करून दाखवला. तरी माणसं उतरतात नि मरतात. म्हणजे अडलंय ते डोक्यापाशी नाही. दिल्लीत २०१९ साली गटारसफाईच्या २०० यंत्रगाड्या सफाई कामगारांच्या कुटुंबांना आणि दलित मालकांना कर्जावर दिल्या गेल्या. त्यातल्या खाचाखोचा वेगळ्या, पण किमान एकदा सवाल बरोबर विचारला गेला: यंत्र कुणाच्या नावावर?

तोच सवाल आता कुंभार पिंपळगावात विचारायची वेळ आलीय. कापसाची दाट लागवड, एकदम फुटणारी बुटकी वाणं, यांचे प्रयोग सरकारनं सुरू केलेत. ही वाणं यंत्राच्या सोयीची आहेत. बॅटरीवरची हातातली वेचणी यंत्रं बाजारात आलीत. मोठं यंत्रही आज ना उद्या येईल. वेचणीवर जगणाऱ्या बाईशी याबद्दल कुठली कृषी संस्था बोलली? तिची पाठ कुठं धरते, ओटा किती भरला की मान अवघडते, कुठलं बोंड ओढलं की कचरा येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण शास्त्र लिहिणारा ओळीला लागत नाही नि ओळीला लागणारीला लिहायला बोलावत नाहीत.

तेव्हा इंजिनियरिंगला, पॉलिटेक्निकला, शेतकी कॉलेजात असलेल्या आपल्या पोरापोरींना आमचं सांगणं आहे. स्टार्टअपच्या स्पर्धेत डिलिव्हरीचं आणखी एक अ‍ॅप घेऊन उभं राहण्याआधी वेचणीच्या हंगामात चार दिवस मावशींच्या मागं ओळीला लागा. वही सोबत ठेवा. आणि परत येताना तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन एक अर्ज मागा. शेती अवजारांवर सरकार अनुदान देतं. त्या अर्जासाठी नावावर जमीन दाखवावी लागते. वेचणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नाही. उद्या यंत्र आलं तर त्याचं अनुदान रानाच्या मालकाला मिळणार आणि तिला मिळणार सुट्टी, बिनपगारी. हा एक कागद बदलून घ्यायचा. वेचणी करणाऱ्या भूमिहीन बायांच्या गटाला सातबारा न मागता यंत्र, हीच मागणी घेऊन घनसावंगीच्या तहसीलवर जायचं. तारीख ठरली की कळवू. येताना गावातल्या बायांची नावं लिहून आणा.