भोक चुकले तर चार्जशीट कुणाला?



पुलाच्या गर्डरच्या प्लेटांची भोके जुळली नाहीत म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या एका ड्रिल मशीनवाल्याला चार्जशीट मिळाली. ‘कामात हलगर्जीपणा’, ठरलेलेच शब्द. चौकशीत त्याची बाजू मांडायला मी होतो.

मनमाडपासून अरक्कोणमपर्यंत रेल्वेच्या गर्डर कारखान्यांतल्या बंधूंना हे काम माहीत आहे. ऑफिसातल्या बंधूंसाठी सांगतो. २२ मि.मी.च्या रिवेटला भोक २३.५ मि.मी.चे. म्हणजे सारी सूट दीड मिलिमीटरची. तीन-चार प्लेटा एकावर एक येणार आणि रिवेट सगळ्यांतून सरळ गेला पाहिजे. प्रत्येक प्लेट वेगळी आखून, पंच मारून हे जमत नाही. म्हणून जिग असते: जाड पोलादी प्लेट, तिच्या प्रत्येक भोकात कडक पोलादाचा बुश. ड्रिल बुशमधून उतरते, इकडेतिकडे पळत नाही. मी १९८९ साली अप्रेंटिस लागलो तेव्हा मिस्त्री आधी प्लेटांमधला चुरा पुसायला लावत. मग क्लॅम्प. मग दोन टोकांना दोन भोके, त्यांत पिना, आणि नंतरच बाकीची भोके. क्लॅम्प ढिला दिसला की शिव्या बसत, आणि त्या योग्यच होत्या.

पण बुश झिजतो. झिजला की ड्रिल त्यात डुलते, हे मशीनवाल्याच्या हाताला आधी कळते. आमच्या बंधूने नवे बुश दोनदा मागितले होते, तोंडी. उत्तर मिळाले, स्टोअरमध्ये नाहीत, आऊटटर्न द्या. चौकशीत आम्ही जिग आणवून बुश गेजने मोजायला लावले, तेव्हा साहेब गप्प झाले. तरी ‘ताकीद’ त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला लागलीच.

आणि न जुळलेल्या भोकाचे पुढे काय होते? ड्रिफ्ट घालून घणाने ठोकतात. रिवेट बसतो, वर रंग लागतो. आत भोकाची कड चेपलेली असते. तडा जायचा तर तिथूनच जातो. त्या पुलावरून आपलेच लोको पायलट गाडी नेतात.

आपल्यातलेही काही जण लवकर सुटायला चारऐवजी दोन क्लॅम्प लावतात. त्यांची वकिली युनियनने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण बुश झिजलेला असेल तर मशीन थांबवण्याचा हक्क कामगाराला हवा, आणि पाळी सुरू होताना बुश मोजून सुपरवायझरची सही रजिस्टरवर हवी. तोपर्यंत बुशची मागणी लेखी करा, तारीख घाला, एक प्रत ब्रँचकडे द्या.