ग्राफिन हवेच, पण कोणत्या भावात?

परवा नववीतल्या एका मुलाने मोबाईलवरची बातमी दाखवली. ग्राफिनमुळे सांडपाण्यातून भरपूर वीज! त्याचा सवाल सरळ होता, “सर, मग आपल्या नाल्यावर मोहल्ल्यातले दिवे लागतील?” मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नव्हे. तरी वाचून जे समजले ते मांडतो.

जंतूंपासून वीज मिळते हे डरहॅम विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ सालीच दाखवले होते. जिओबॅक्टरसारखे जंतू घाण खातात आणि इलेक्ट्रॉन बाहेर देतात. ते इलेक्ट्रोडने झेलले की तारेतून वीज वाहते. मात्र अशा एका घटाचा दाब एक व्होल्टही भरत नाही.

ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो वेगळा केला. २०१० साली त्यांना नोबेल मिळाले. त्यातून वीज उत्तम वाहते. हिशेबाने एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे २,६०० चौरस मीटर भरतो. पण जंतू असतो एक-दोन मायक्रोमीटरचा. त्याच्याहून बारीक छिद्रांतली जागा त्याला राहायला मिळत नाही. म्हणून संशोधक स्पंजसारखे, मोठ्या छिद्रांचे ग्राफिन बनवतात. शेवानेला नावाचा जंतू तर ग्राफिन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून त्याला वीजवाहक बनवतो!

हे सारे कौतुकाचेच. माझी हरकत बातमीतल्या आकड्यांना आहे. विक्रमी आकडे बहुधा मूठभर आकाराच्या घटातले असतात आणि जंतूंना आयते अ‍ॅसिटेट दिलेले असते. खऱ्या नाल्यात चिखल, साबण, तेल सगळेच येते.

२०१५ साली ब्रिस्टलच्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात इओआनिस इएरोपूलोस यांच्या चमूने ऑक्सफॅमसोबत लघवीवर चालणारे घट लावून मुतारीत दिवे लावले. निर्वासितांच्या छावण्यांत रात्री अंधारात शौचालयाला जाणाऱ्या बायकांचा विचार त्यामागे होता. या चमूने आपल्या घटांसाठी कार्बनच्या तंतूंचे कापड, भाजलेली माती अशा स्वस्त वस्तू वापरल्या.

ग्राफिनची कसोटी इथेच लागावी. तेवढ्याच पैशात या कापडापेक्षा जास्त काम होते का? घाण पाण्यात महिनोन्‌महिने टिकते का? आणि वीज किती, याआधी पाणी किती स्वच्छ झाले?

त्या मुलाला मी म्हटले, “बेटा, नाल्यावर मोहल्ला उजळणार नाही. पण शौचालयाच्या दारात एक दिवा लागला आणि नाल्यात जाणारे पाणी थोडे साफ झाले, तरी पुष्कळ झाले. बातमी वाचताना आधी खर्च विचारत जा.”