गोळीच्या पुढचे उपचार

सायकोसिसचा पहिला झटका ओसरला, भास थांबले, की आपली यंत्रणा गोळ्यांची चिठ्ठी देऊन मोकळी होते. ऐकू आले ते काय होते, ते परत येईल काय, महाविद्यालयात परतल्यावर कोणास काय सांगावे, या प्रश्नांना गोळीपाशी उत्तर नाही. (गोळ्या सोडा, असे मी म्हणत नाही.) त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाशी एकट्याने, नियमितपणे बोलावे लागते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिका अशा किमान १६ बैठका सांगते. आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सेवेच्या व्याख्येत पुनर्वसन धरतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे पदही आहे. मात्र आढावा बैठकीत विचारणा होते ती रुग्णसंख्येची आणि औषधसाठ्याची. सोळावी बैठक किती जणांनी गाठली, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पैसा नाही, ही सबब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पटणारी नाही. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. एका पारड्यात सोळा तासांचे मानधन, दुसऱ्यात चाळीस वर्षांची कमाई. शिवाय गोळीला भाषा लागत नाही, संवादाला लागते. परप्रांतातल्या मराठी मुलाने आपले भास कोणत्या भाषेत सांगावेत? रिक्त पदे भरताना हेही पाहावे, आणि मासिक अहवालात बैठकांचा एक रकाना वाढवावा.