विश्लेषण : वाइनच्या पेल्यात डाळिंब शेजारच्या बागेतलेच का हवे?

थर्टी फर्स्ट जवळ आला की मोबाइलवर ‘घरच्या घरी फ्रुटी कॉकटेल’च्या चित्रफिती फिरू लागतात. उंच पेला, फसफसणारी वाइन, त्यात पीच किंवा रास्पबेरीचे बाटलीबंद सिरप. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटेसारख्या गावातल्या मोबाइलवरही हेच दिसते. गंमत अशी, की हा तालुका डाळिंब, द्राक्ष आणि पेरूचा. बागेत तोडणी झाल्यावर डाग पडलेले, आकाराने लहान राहिलेले डाळिंब प्रतवारीत बाजूला पडते आणि कमी दरात जाते. ते सोडून परदेशी फळाच्या वासाचे साखरपाणी विकत घेण्यात काय शहाणपण? हे पेय घरी करायचेच असेल, तर त्यात फळ इथले आणि भरपूर असावे, वाइन बेताची.

मूळ पेय कुठले?

इटलीतल्या व्हेनिस शहरात ‘हॅरीज बार’ नावाचे मद्यगृह आहे. त्याचे मालक ज्युसेप्पे चिप्रियानी यांनी १९४०च्या दशकात पांढऱ्या पीचचा गर आणि तिथली ‘प्रोसेको’ ही फसफसणारी वाइन एकत्र केली आणि त्याला जुन्या चित्रकाराच्या नावावरून ‘बेलिनी’ म्हटले. त्यांनी पीच घेतले, कारण हंगामात ते तिथे पिकत होते. ही एवढी गोष्ट चित्रफितीत सांगितली जात नाही. कृतीची नक्कल होते, तिच्यामागचा विचार राहून जातो.

ही वाइन फसफसते कशी?

साधी वाइन तयार झाल्यावर तिच्यात पुन्हा साखर आणि यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवतात. हे बंद बाटलीत किंवा बंद टाकीत होत असल्याने तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. शॅम्पेन बाटलीत आंबवतात, प्रोसेको बहुधा टाकीत. ‘शॅम्पेन’ हे नाव मात्र फ्रान्समधल्या त्या नावाच्या प्रांतातल्या वाइनलाच लागते. आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच शॅम्पेन म्हणतात, ते चूक.

महाराष्ट्राला ही वाइन नवी नाही. नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकातच ती बनवून परदेशात पाठवली होती. आज नाशिकची सुला, दिंडोरीतली शांदों यांच्या बाटल्या मिळतात. इंदापुरातून नीरा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. तिथे अकलूज परिसरात फ्रातेल्लीच्या द्राक्षबागा आहेत. म्हणजे फळही जवळचे आणि वाइनही.

कृती काय?

लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेली, म्हणजे कमी गोडीची बाटली घ्यावी. डाळिंबाची गोडी पुरेशी असते. गोड वाइनमध्ये गोड रस घातला की पेय औषधाच्या सिरपसारखे लागते. बाटली फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवावी, फ्रीझरमध्ये विसरू नये, काच फुटते.

रस काढताना खरी चूक होते. दाणे मिक्सरमध्ये बराच वेळ फिरवले की आतले बी भरडले जाते आणि रस तुरट-कडवट होतो. मिक्सर एक-दोनदा नुसता झटका देऊन बंद करावा किंवा दाणे सुती फडक्यात बांधून हाताने पिळावेत. मध्यम आकाराच्या फळातून साधारण शंभर मिली रस निघतो. साल उन्हाने करपलेले, वरून खरबरीत दिसणारे फळ चालते, दाणे आतून चांगले असले म्हणजे झाले. तेल्या रोगाने चिरलेले किंवा आतून काळे पडलेले फळ मात्र नको. रस गाळून तासभर थंड करावा. गरम रसावर गार वाइन ओतली, तर अर्धा फेस ओट्यावर जातो.

पेल्यात आधी ५० मिली रस, दोन-चार थेंब लिंबू, मग पेला तिरका धरून हळूहळू १०० मिली वाइन. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलावा, ढवळत बसू नये. बर्फाऐवजी गोठवलेले डाळिंबाचे दाणे किंवा द्राक्षे टाकावीत, म्हणजे पेय पाणचट होत नाही. आणि चाट मसाला, सैंधव यांचा मोह टाळावा. मिठाचा कण पडला की वायू भराभर सुटतो आणि दोन मिनिटांत पेय निवून जाते. पेरू वापरायचा तर गुलाबी गराचा, शिजवून नव्हे, कच्चाच वाटून बिया गाळून. त्याचा गर दाट असल्याने ४० मिली पुरे.

बाटली उघडताना काय जपावे?

आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. त्यामुळे बाटली हलवून बूच उडवण्याचा खेळ लग्नाच्या हॉलमध्येही नको, घरात तर नाहीच. डोळा जाऊ शकतो. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरच ठेवावा, बाटली माणसांपासून दूर तिरकी धरावी, बूच घट्ट पकडून बाटली फिरवावी. आवाज हलका ‘फुस्स’ असा आला, की नीट उघडली.

शेतकऱ्याचे यात भले होते का?

राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष बागायतदारांचा फायदा हे मुख्य कारण सांगितले गेले. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय मागे पडला. त्या वादात एक गोष्ट झाकली गेली. महाराष्ट्रातली बहुतांश द्राक्षे खाण्याची किंवा बेदाण्याची असतात. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांची वाइन करत नाहीत. वाइनसाठी शेनिन ब्लाँ, शिराझसारख्या वेगळ्या जाती लावाव्या लागतात आणि वायनरीशी करार असेल तरच त्या परवडतात. त्यामुळे वाइनची विक्री वाढली म्हणून खाण्याच्या द्राक्षाच्या बागायतदाराला थेट काही मिळत नाही. पेल्यातल्या ताज्या रसाचे पैसे मात्र थेट बागेत जाऊ शकतात. अर्थात हिशेब ताणण्यात अर्थ नाही. ७५० मिलीच्या बाटलीतून सात पेले होतात, त्यांना तीन-चार डाळिंबे लागतात. एवढ्याने कोणाचे कर्ज फिटणार नाही. पण बाटलीबंद सिरपचे पैसे वाचतात, ते बाजूला काढलेल्या मालाच्या क्रेटला द्यायला काय हरकत?

कायदा आणि तब्येत?

महाराष्ट्र मद्यनिषेध कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. विकत घेतलेल्या वाइनमध्ये रस मिसळणे वेगळे आणि द्राक्षे आंबवून घरी वाइन करणे वेगळे. दुसरे परवान्याविना गुन्हा ठरते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. ‘वाइन म्हणजे फळाचा रसच’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. वर सांगितलेल्या मापात पेयातले मद्य सुमारे आठ टक्के राहते, म्हणजे ते स्ट्राँग बिअरइतकेच असते. गोड लागते म्हणून तिसरा, चौथा पेला सहज जातो आणि मग गाडीची किल्ली खिशात असते. किल्ली आधीच कोणाकडे तरी द्यावी.

घरात न पिणारे असतील तर?

बहुतेक घरांत असतातच. ज्या गावांत बायकांनी ‘आडवी बाटली’साठी मतदान करून दुकान बंद पाडले, तिथे तर हा पेला ओट्यावर येणेही अनेकांना रुचणार नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी वेगळे रंगीत पेय आणण्याची गरज नाही. तोच ५० मिली रस, लिंबू आणि गार सोडा. रस वाइन ओतण्याआधीच वेगळ्या भांड्यात काढून ठेवावा, चमचाही वेगळा. रंग तोच येतो, फेसही तसाच, आणि आजीच्या हातातला पेला ओळखू येत नाही.